जगाचा शेवट, पुनरुत्थान आणि उद्याची फर्स्ट शिफ्ट

२०२५ च्या सप्टेंबरात एक व्हिडिओ मोबाइलवर जगभर फिरला. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रवचनकारानं सांगितलं होतं, की २३ किंवा २४ सप्टेंबरला येशू ख्रिस्त येणार आणि आपल्या लोकांना वर उचलून नेणार. कुणी नोकरी सोडली, कुणी गाडी विकली, अशा बातम्या आल्या. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरही तो व्हिडिओ येऊन पडला. २५ तारीख उजाडली, बाजार उघडला, केएमटीच्या बस सुटल्या. पण कुठं युद्ध भडकलं, भूकंप झाला किंवा ग्रहण लागलं, की तोच मजकूर नवी तारीख लावून परत येतो.

मी रविवारी उपासनेनंतर बायबलचा वर्ग घेतो, त्यामुळं या मजकुरांचा परिणाम समोर दिसतो. म्हाताऱ्या बायकांची झोप उडते. शाळकरी पोरं विचारतात, दहावीचा अभ्यास करायचा का नको. बिगरख्रिस्ती शेजाऱ्यांना वाटतं, ही माणसं जग बुडण्याची वाट बघत बसलेली असतात. ख्रिस्ती श्रद्धेत जगाच्या शेवटाबद्दल खरोखर काय सांगितलंय, ते म्हणून इथं मुळापासून मांडतोय. माझ्या मते ही सगळी शिकवण माणसाला उद्याच्या कामाला लावण्यासाठी आहे. ती ऐकून जो हातातलं काम टाकतो, त्याच्यापर्यंत ती उलटी पोचलेली असते.

आधी मुळातलं

ख्रिस्ती मंडळी उपासनेत विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा ठरलेला मजकूर, एका आवाजात म्हणते. शेवटाबद्दलच्या चार गोष्टी त्यात किंवा त्याच्या पोटात आहेत. येशू पुन्हा येणार, याला द्वितीय आगमन म्हणतात. मेलेले उठवले जाणार, हे पुनरुत्थान. प्रत्येकाच्या जगण्याचा हिशेब होणार, तो न्याय. आणि देव सृष्टी नवी करणार. एवढ्यावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स सगळे एक आहेत. कधी, कोणत्या क्रमानं, किती वर्षांनी, यावर मात्र शेकडो वर्षं मतभेद आहेत. मोबाइलवर जे फिरतं ते जवळजवळ सगळं या दुसऱ्या भागातलं असतं.

शेजारची काकी मयतीला आली की हमखास विचारते, ‘म्हंजे तुमच्यातबी पुन्हा जल्म असतोय?’ नसतो. पुनर्जन्मात जीव एक देह सोडून दुसऱ्यात जातो. पुनरुत्थानात तेच माणूस, त्याच ओळखीनं, देहासकट उठवलं जातं, आणि ते एकदाच. त्याचप्रमाणं ‘आत्मा स्वर्गात गेला, देहाचं काय, तो माती’ हेही ख्रिस्ती श्रद्धेचं पूर्ण म्हणणं नव्हे. मेलेला विश्वासणारा प्रभूजवळ आहे, असं आम्ही मानतो. पण गोष्ट तिथं संपत नाही. देह उठेपर्यंत ती अपुरी आहे. देहाला टाकाऊ न मानणं हा या श्रद्धेचा कणा आहे, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पुरलेल्या कांडीचं काय होतं?

‘मेलेले कसे उठतात? कसल्या शरीरानं येतात?’ हा प्रश्न करिंथ शहरातल्या लोकांपैकी कुणीतरी विचारेल, असं येशूचा प्रेषित पौल यानं आधीच धरलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर त्यानं त्यांना जे पत्र लिहिलं, त्याचा पंधरावा अध्याय या एकाच विषयावर आहे. उत्तरात त्यानं पेरणीचा दाखला दिला: तू जे पेरतोस ते मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि जे उगवणार ते अंग तू पेरत नाहीस, नुसता दाणा पेरतोस.

आपल्या भागात हे उसावर बघावं. सरीत ओल्या मातीत कांडी दाबतात. एक डोळ्याची असेल नाहीतर दोन डोळ्यांची, वितीएवढा तुकडा, त्याकडं बघून कुणी म्हणणार नाही की यात काही आहे. काही दिवसांनी डोळा फुटतो, कोंब वर येतो, फुटवे धरतात आणि खालची कांडी कुजून जाते. दीड वर्षानं त्या जागी डोक्यावरून जाणारा ऊस उभा असतो. आता बघा, ८६०३२ या जातीची कांडी लावली तर ८६०३२ च येतो, दुसरी जात येत नाही. म्हणजे ओळख तीच राहिली. पण कांडी आणि उभा ऊस शेजारी ठेवले तर रूप एक म्हणता येत नाही. पौलाला हेच सांगायचं आहे: तोच माणूस, पण दुबळेपणात पुरलेला सामर्थ्यानं उठवलेला, नाशवंत होता तो अविनाशी झालेला.

हा दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो, तेही सांगितलं पाहिजे. डोळा आपल्या आपण फुटतो, त्याच्यात जीव असतो. मेलेल्या माणसात तसं काही उरलेलं नसतं. पुनरुत्थान हा देहाचा गुण नाही, ती देवाची करणी आहे. ‘देव त्याला अंग देतो’ असं पौल म्हणतो, त्यातला ‘देव’ गाळला तर सगळंच ढासळतं.

हे होऊ शकतं असं मानायला आधार काय? ख्रिस्ती उत्तर एका घटनेकडं बोट दाखवतं: वधस्तंभावर मारलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला. त्याच पंधराव्या अध्यायात पौल ज्यांनी त्याला बघितलं त्यांची यादी देतो, पाचशेहून जास्त जणांच्या एका जमावाचा उल्लेख करतो आणि म्हणतो, यांतले बहुतेक अजून हयात आहेत. घटनेला पंचवीसएक वर्षंच झाली होती. ज्याला शंका होती त्यानं जाऊन विचारावं, अशी सोय होती. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी बघितली, असं आहे. त्या समाजात बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. मनानं गोष्ट रचणाऱ्यानं पहिल्या साक्षीदार म्हणून बायका घेतल्या नसत्या. याला गणितासारखा पुरावा मी म्हणत नाही. पण ही नुसती मनाची समजूत आहे, हेही मला पटत नाही. उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, तळ्याकाठी निखाऱ्यावर मासे आणि भाकर ठेवून ‘या, न्याहारी करा’ म्हणतो. श्रद्धेचा हा भाग इतका अंगाचा, इतका पोटापाण्याचा आहे.

देह जाळला तर? डोळे दान केले तर?

दफनभूमीत जागा कमी पडायला लागली तसा हा प्रश्न घराघरांत येतो. एका कुटुंबात वडिलांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. ऐन वेळी थोरल्या लेकीनं हात धरला. म्हणाली, ‘पुनरुत्थानाच्या दिवशी बाबा उठले आणि त्यांना डोळेच नसले तर?’ तिला कुणी हसलं नाही, ते बरं झालं. प्रेम असलं की असे प्रश्न पडतात.

याचं उत्तर मंडळीच्या इतिहासातच आहे. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. मारलेल्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत सोडून दिली गेली, आणि तसं करण्याचं कारणच हे होतं, की यांना उठण्याची आशा उरू नये. मंडळीनं काही त्यांची नावं हुतात्म्यांच्या यादीतून काढली नाहीत. ज्या देवानं मातीतून माणूस घडवला, असं आम्ही मानतो, त्याला राखेची किंवा नसलेल्या बुबुळाची अडचण नाही. दफन ही आमची जुनी, आदराची रीत आहे. ती आशा दाखवते, पण आशा तिच्यावर टांगलेली नाही. त्या लेकीनं शेवटी सही केली. बाबांच्या डोळ्यांनी आता दुसरं कुणीतरी बघत असेल, आणि मला तरी यात पुनरुत्थानाच्या विश्वासाशी विसंगत काही दिसत नाही.

तारीख का काढता येत नाही?

कारण येशूनंच नाही म्हणून सांगितलंय. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो, त्या दिवसाविषयी किंवा त्या घटकेविषयी कुणाला ठाऊक नाही. स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही, म्हणजे खुद्द त्यालाही नाही, फक्त पित्याला आहे. जे पुत्राला ठाऊक नाही ते सांगायला कुणी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तर विषय तिथंच संपायला हवा.

तरी तारखा निघत राहिल्या. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. कित्येकांनी रानातलं पीक काढलंच नाही. हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रवचनकारानं २१ मे २०११ ही तारीख फलकांवर रंगवली, ती चुकल्यावर त्याच वर्षाची २१ ऑक्टोबर दिली. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर कबूल केलं, की असं तारखा सांगणं हे पाप होतं. त्यांच्या मोठेपणाला मी मान देतो. पण ज्यांनी साठवलेला पैसा त्या फलकांवर घातला, त्यांचा तो परत आला नाही.

मार्कच्या त्याच अध्यायात एक अवघड ओळ आहे: हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही. मग ती पिढी तर कधीच गेली, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. अध्याय कुठून सुरू होतो ते बघायचं. शिष्य यरुशलेमच्या मंदिराचे भलेमोठे दगड दाखवतात, येशू म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं ते मंदिर जमीनदोस्त केलं. ती पिढी तेव्हा जिवंत होती. त्या अध्यायात जवळची घटना आणि दूरची घटना एकमेकींत विणलेल्या आहेत. कुठली ओळ कशाबद्दल आहे यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि मीही तो गुंता सुटला असं म्हणणार नाही. पण ‘पिढी’ची ओळ मंदिराच्या बाजूनं वाचली, की ती खोटी ठरलेली नाही.

महापूर, भूकंप, युद्धं ही चिन्हं नव्हेत का?

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तेव्हाही ‘शेवटचा काळ’ असे मजकूर आले. त्याआधी कोरडवाहू वर्षांना, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाला, प्लेगला लोकांनी तेच नाव दिलं होतं. त्यानंतर कोरोनाला दिलं.

येशूचं वाक्य पुरतं वाचावं. युद्धांच्या बातम्या ऐकाल तेव्हा घाबरू नका. हे व्हायचंच आहे, पण तेवढ्यानं शेवट नाही. राष्ट्रं उठतील, भूकंप होतील, दुष्काळ पडतील; या गोष्टी वेणांचा प्रारंभ आहेत. मजकूर पाठवणारे यातले भूकंप आणि दुष्काळ घेतात, ‘घाबरू नका’ आणि ‘शेवट नाही’ गाळतात. त्या महापुरात ज्यांनी चिन्हं मोजली त्यांच्यापेक्षा, मला वाटतं, ज्यांनी रात्री भाताची पातेली चढवली आणि पूरग्रस्तांच्या शाळांवर पोचवली त्यांना मार्कचा तेरावा अध्याय जास्त समजला होता. तो अध्याय संपतो तेव्हा परदेशी जाणारा धनी प्रत्येक चाकराला ज्याचं त्याचं काम नेमून देतो आणि म्हणतो, जागे राहा. आभाळाकडं बघत बसा असं तो म्हणत नाही.

६६६, आधार आणि क्यूआर कोड

प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक. त्याच्या तेराव्या अध्यायात एक श्वापद आहे, ज्याची खूण उजव्या हातावर किंवा कपाळावर असल्याशिवाय कुणाला विकत घेता किंवा विकता येत नाही. त्याचा आकडा ६६६. यावरून बारकोड, आधार कार्ड, कोरोनाची लस, आता भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड, सगळ्यांवर पाळीपाळीनं आळ आला.

ते पुस्तक रोमन साम्राज्यात छळ सोसणाऱ्या, आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं पत्र आहे. त्यांना कळणार नाही असं काही त्यांना लिहून काय उपयोग होता? हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’ हे नेरोच्या नावाचं ग्रीक रूप त्या लिपीत लिहून बेरीज केली तर ६६६ येते. ख्रिस्ती लोकांना जाळणारा रोमचा सम्राट, तोच तो नेरो. काही जुन्या हस्तलिखितांत आकडा ६१६ आहे, आणि त्याच नावाच्या लॅटिन रूपाची बेरीज ६१६ होते. म्हणून बहुतेक अभ्यासक हा रोख रोमच्या सत्तेवर होता असं मानतात. लगेच पुढच्या अध्यायात देवाच्या माणसांच्याही कपाळावर नाव लिहिलेलं आहे, ते मात्र कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं. या खुणांचा प्रश्न निष्ठेचा आहे: पोटासाठी तुम्ही कुणापुढं मान तुकवता? तो प्रश्न आजही खरा आहे. लाच देऊन टेंडर घेताना तो लागू होतो, मेथीचे दहा रुपये फोननं देताना होत नाही.

उचलले जाणं आणि हजार वर्षं

थोडक्यात उरकतो. संकटकाळ येण्याआधी विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, याला लोक ‘रॅप्चर’ म्हणतात. या क्रमानं ही शिकवण १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि नंतर अमेरिकेतून ती सगळीकडं पसरली. जुन्या मंडळ्यांनी ती कधी घेतली नाही. तिचा मुख्य आधार थेस्सलनीकाकरांस, म्हणजे थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला, पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय आहे. तिथं पौल मयत झालेल्या घरांचं सांत्वन करतोय: तुमची गेलेली माणसं मागं राहणार नाहीत, तीच आधी उठतील, मग आपण सगळे मिळून प्रभूला सामोरे जाऊ. राजा आला की वेशीबाहेर जाऊन त्याला सामोरं जायचं आणि घेऊन गावात परत यायचं, ही त्या काळची रीत होती. त्यामुळं पळून जाण्याचा अर्थ तिथं मला दिसत नाही. प्रकटीकरणातली हजार वर्षं अक्षरशः घ्यायची की प्रतीक म्हणून, यावर प्रामाणिक, बायबल मानणारी माणसं दोन्हीकडं आहेत. यावरून मंडळी फुटू नये.

शेवट जवळ आहे, तर हप्ता कशाला भरायचा?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करणारा पोरगा वर्गात म्हणाला, ‘मास्तर, शेवट जवळ आलाय म्हणत्यात. मग एलआयसीचा हप्ता कशाला भरायचा आन् फर्स्ट शिफ्टला कशाला मरायचं?’

हा प्रश्न थेस्सलनीकात इसवी सन ५० च्या सुमारास पडून गेला आहे. दुसऱ्या पत्रात पौल लिहितो, प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असं कुणी सांगितलं, किंवा आमच्याच नावानं तसं पत्र आलं, तरी गडबडून जाऊ नका. खोटा मजकूर खऱ्या माणसाच्या नावानं फिरवणं तेव्हाही चालू होतं. तिथल्या काहींनी कामं सोडली होती आणि ते दुसऱ्यांच्या घरी जेवून लुडबूड करत फिरत होते. पौलाचं उत्तर रोखठोक आहे: ज्याला काम करायची इच्छा नाही त्यानं खाऊही नये. स्वतः पौल हातानं काम करून, तंबू शिवून पोट भरायचा, म्हणून त्याला ते बोलण्याचा हक्क होता.

त्या पोराला मी आणखी एक जागा दाखवली, आणि ती मला बायबलमधल्या सगळ्यात आवडत्या जागांपैकी आहे. करिंथकरांना लिहिलेला तो पुनरुत्थानाचा लांबलचक अध्याय शेवटी असा चढतो, की मरणा, तुझा विजय कुठं? आणि मग: म्हणून माझ्या बंधूंनो, स्थिर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम वाया जाणार नाहीत. पान उलटलं की पुढचं वाक्य, ‘आता वर्गणीविषयी.’ यरुशलेमच्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्यानं त्यानं कमाईप्रमाणं बाजूला काढून ठेवावं. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले. पौलाच्या कागदावर ती रेघ नव्हती. मरणावरचा जय आणि आठवड्याची वर्गणी एका दमात लिहिलेली आहेत. देह उठणार असेल, तर देहाची भूक आज महत्त्वाची आहे. केलेलं काम मातीत जाणार नसेल, तर साचा नीट भरणं आणि वेळेवर हप्ता भरून घरच्यांची सोय करणं हे विश्वासाचंच काम आहे.

आपल्याच भागात हे घडलेलं दिसतं. १८५२ मध्ये कोल्हापुरात आलेले मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी शाळा काढल्या. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला. ख्रिस्त पुन्हा येणार असं म्हणणाऱ्या माणसांनी पायाचे दगड बसवले, कारण न्यायाच्या दिवशी काय विचारलं जाणार ते त्यांनी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात वाचलं होतं: भुकेल्याला खायला दिलं का, आजाऱ्याकडं गेलात का, तुरुंगातल्याला भेटलात का. तुरुंगातल्याला भेटायला आम्हाला कोल्हापुरातल्याच कळंबा जेलपलीकडं जायची गरज नाही.

पृथ्वी जळूनच जाणार, मग पंचगंगा कशाला जपायची?

येशूचा शिष्य पेत्र याच्या दुसऱ्या पत्रात सृष्टितत्त्वं तापून वितळतील असं आहे, हे खरं. पण तिथंच तो नोहाच्या जलप्रलयाचा दाखला देतो. तेव्हाचं जग ‘नाश पावलं’ असं तो म्हणतो, आणि पृथ्वी मात्र तीच राहिली; गेली ती घाण. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सृष्टी कण्हत आहे आणि सुटकेची वाट बघत आहे, असं आहे. जिला सोडवायचं ठरलंय तिला कुणी आधीच गटारात ढकलत नाही. नदीत मळी सोडणाऱ्यानं ‘शेवटी जळणारच आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नये, आणि आम्हीही नदीकाठच्या सफाईला रविवारचं कारण सांगू नये.

दोन हजार वर्षं झाली, अजून आला नाही

हा टोमणा पेत्राच्याच काळात सुरू झाला होता. ‘त्याच्या येण्याच्या वचनाचं काय झालं?’ असं थट्टेखोर विचारतील, असं तो लिहितो. त्याचं उत्तर: प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे, तो उशीर करत नाही, कुणाचा नाश होऊ नये म्हणून थांबला आहे. हे पटवून घेणं सगळ्यांना जमणार नाही. मला ते पटतं, कारण मधल्या काळात माझ्यासारख्यांना जागा मिळाली.

ज्यांना स्वतः वाचून बघायचं असेल त्यांनी थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं आधी घ्यावीत, ती लहान आहेत. मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, न थांबता सोळाव्याच्या चौथ्या ओळीपर्यंत. मग मार्क तेरा. प्रकटीकरण सगळ्यात शेवटी, आणि एकट्यानं रात्री मोबाइलवर नको. ते मंडळीत एकानं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं म्हणून लिहिलेलं आहे, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या ओळीतच तसं सांगितलंय. बावीस अध्याय आहेत. चारपाच घरं एकत्र बसली तर एका संध्याकाळी होतात.